सातवी रिकामी सीट

१

गाडीत माणसं मोजायची नसतात, रिकाम्या सीटा मोजायच्या असतात. एकोणीस वर्षं सहलीच्या गाड्या घेऊन हिंडतोय आणि हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या गाइडला मी पहिल्यांदा हेच शिकवतो. माणूस वाकून चप्पल शोधतो, मागच्याशी गप्पा मारायला सीटवर गुडघे टेकून उभा राहतो, नेमका आपण मोजत असताना जागा बदलतो. रिकामी सीट बिचारी जागची हलत नाही.

आजची गाडी पंचेचाळीस सीटांची. यादीतले पाहुणे अडतीस, एकोणचाळिसावी ताई. मोजताना मी दाराशी उभा असतो, म्हणजे माझीही सीट रिकामीच. एकूण सहा. सकाळी निघताना सहा मोजल्या, ड्रायव्हरला "चला" म्हटलं आणि गाडी हलली.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. ती यादीत नाही. आमच्या कंपनीची रीत अशी, की गाइडच्या शेजारची सीट मोकळी असेल तर घरचं एक माणूस खुशाल न्यावं, फक्त कागदावर आणू नये. कागदावर आलं की विमा आला, विमा आला की चार सह्या आल्या. तेव्हा ताई आज कागदोपत्री घरीच आहे.

भावोजी गेले त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून ती खिडकीशी बसते, हातातलं काम हातात राहतं. भाचीने मागच्या आठवड्यात फोन करून सांगितलं, "मामा, आईला कुठेतरी न्या हो. घरात आम्ही दोघीच, आणि तिचं बोलणं दिवसेंदिवस आटत चाललंय." मी तिला शब्द दिलाय, की संध्याकाळी साडेसातला स्टॉपवर तुझी आई बोलती करून तुझ्या ताब्यात देतो. मी लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर मला वाढवलं ते हिनेच. माणसं म्हणावीत तर मला या दोघीच.

आत्ता गाडी चहाला थांबलीये. पाहुणे खाली उतरलेत आणि मी माझ्या वहीत हे लिहितोय. ऑफिसला चार ओळींचा अहवाल पुरतो, पण उद्या कुणाची तक्रार आली तर आपली बाजू आपल्या हातात असावी म्हणून प्रत्येक थांब्यावर मी सगळं लिहून ठेवतो.

"परत बसलास का लिहायला?" ताई म्हणाली. "माझ्याबद्दल काही वेडंवाकडं लिहिलंस तर बघ हं."

"कागदावर तू या गाडीत नाहीसच. कुठेतरी असावीस म्हणून लिहितोय."

"म्हणजे मी फुकटी का रे?"

"फुकटीच. वर खिडकी पण तुलाच."

ती हसली. दीड वर्षात पहिल्यांदा हसली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

२

दुसऱ्या थांब्यावर लिहितोय. पेट्रोल पंप. पाय मोकळे करायला सगळे उतरलेत.

गाडीत एक गणिताचे निवृत्त मास्तर आहेत. प्रत्येक सहलीत असा एक नग असतोच. मी माइकवर काही सांगितलं की ते तिसऱ्या रांगेतून दुरुस्ती करतात. रस्ता एकशे दहा किलोमीटरचा म्हटलं तर म्हणतात, "एकशे तेरा." त्यांची बायको खिडकीकडे तोंड करून बसते, तिचा काही दोष नाही.

ताई मात्र सुटली आहे. मी सहा वर्षांचा असताना शाळेत जायला कसा रडायचो, अर्ध्या वाटेत कशी बसकण मारायचो, मग ती हाताला धरून कशी फरफटत न्यायची, सगळं तिने मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "हा आज सगळ्यांना वेळेवर चला म्हणून ओरडतो ना, याला मी रोज ओढत नेलाय!" मागच्या बायका हसत होत्या. माझी पुरती शोभा झाली, पण म्हटलं, होऊ दे. बोलतेय ना.

आता तिने संत्रं सोलायला घेतलंय. सालं माझ्या वहीवर ठेवतेय.

३

खडकांपाशी. सगळे खाली गेलेत, मी वर बाकावर बसलोय. एकशे चाळीस पायऱ्या उतरायला माझे गुडघे आता तयार नसतात, आणि वरून सगळे दिसतातही बरे.

जागा बघण्यासारखी आहे यात वाद नाही. समुद्राच्या कडेला काळ्या दगडाचे सुळके उभे आहेत, दोन-दोन तीन-तीन माणसांच्या उंचीचे. ओहोटीला त्यांच्यातून चालत जाता येतं. संध्याकाळी सहानंतर पाणी पायऱ्यांपर्यंत चढतं, त्यामुळे आम्ही इथे नेहमी दुपारीच येतो. मी माइकवर सांगितलं, "एकूण अकरा सुळके." पायऱ्यांच्या तोंडाशी एक जुना फलक आहे, त्यावर नऊ लिहिलंय. मास्तरांनी लगेच बोट दाखवलं.

"फलक रंगवणाऱ्याला मोजता येत नसणार," मी म्हटलं. "तुम्हीच मोजा."

मास्तरांनी दोनदा मोजले. "अकरा," ते म्हणाले, आणि चूक माझी नाही याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

ताई सगळ्यांच्या पुढे गेली आहे. चपला हातात घेऊन थेट शेवटच्या सुळक्यापर्यंत. बाकीचे फोटो काढण्यात गुंतलेत. ती एकटीच तिथे आहे. दगडावर तळहात टेकून उभी आहे. आता तिने तोंड दगडाजवळ नेलंय. काहीतरी बोलतेय बहुतेक. दीड वर्ष घरात कुणाशी धड बोलली नाही आणि इथे दगडाशी गप्पा. परत मान तिरकी करून ऐकल्यासारखं करतेय.

मी हाक मारली, वाऱ्याने ती वरच राहिली. तिने मागे वळून मला हात केला. मग परत दगडाकडे.

वेळ झाली. शिट्टी वाजवतो.

४

सात.

पुन्हा मोजल्या. पुढून मागे आणि मागून पुढे. सात. सकाळी सहा होत्या.

यादी काढून नावं घेतली. अडतीसच्या अडतीस हजर, सगळ्यांनी हात वर केले. जोडपी जोडप्याने आहेत, मैत्रिणी मैत्रिणींसोबत आहेत, एकटा आलेला फोटोवालाही आहे. "कुणाचं कुणी राहिलंय का?" असं तीनदा विचारलं. कुणाचंच कुणी राहिलेलं नाही.

"अहो, पंचेचाळीसातून अडतीस गेले, उरले सात," मास्तर म्हणाले. "तुमची सीट धरून. बरोबरच आहे की. भांडताय कशाला?"

"सकाळी सहा होत्या."

"मग सकाळी तुम्ही चुकलात."

गणित बरोबर आहे. वजाबाकी मलाही येते. पण एकोणीस वर्षांत मी सीट चुकलेलो नाही, आणि सकाळपासून डोक्यात सहाचाच आकडा बसलाय, एखादी ओळ तोंडात बसते तसा. अडतीस पाहुणे असताना मला सहा कशा दिसल्या? एक कुणी जास्त असल्याशिवाय सहा होणार नाहीत. आणि जास्त कुणी नव्हतंच.

ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, मी पुढे बघतो, मागे तुम्ही बघता."

माझ्या शेजारच्या सीटवर अर्धं सोललेलं संत्रं होतं. कुणाचं म्हणून उंच धरून विचारलं, कुणी बोललं नाही. टाकायला जिवावर आलं म्हणून मीच खाल्लं. गोड होतं.

गाडी निघताना मास्तर खिडकीतून मागे बघत म्हणाले, "आणि ते सुळके बारा आहेत हो. अकरा नाहीत."

"तुम्हीच अकरा मोजलेत."

"मी? छे!"

त्यांची बायको पहिल्यांदाच बोलली. "बाराच होते," म्हणाली.

५

डिस्टिलरी, म्हणजे दारूचा कारखाना. शेवटचा थांबा, आणि खरं सांगायचं तर अर्धी गाडी यासाठीच येते.

इथे आमचं काम सोपं. कारखान्याची बाई माणसं ताब्यात घेते, तासभर फिरवते आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात एक छोटा ग्लास देते. मी मागून चालत होतो, डोकं सातातच अडकलेलं. पहिल्या खोलीत तांब्याचे प्रचंड हंडे, वर निमुळते होत गेलेले. आत काहीतरी सतत उकळत असतं आणि भिंतीलाही धग लागते. तिथून पुढे कोठार. तिथे एकदम गार, अंधार, ओलसर लाकडाचा वास, आणि आडवी पिंपं छतापर्यंत रचलेली. तिथे सगळे आपोआप हळू बोलतात.

"पिंप घट्ट बंद असतं," बाई सांगत होती. "तरी दरवर्षी उघडलं की थोडं कमी भरतं."

"चोरी होत असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"कुणी काढत नाही हो. लाकडातून उडून जातं. बाहेरून पिंप जसंच्या तसं, शिक्का शाबूत. उघडेपर्यंत कुणाला कळतही नाही."

मी भिंतीचा आधार घेतला. का ते मला सांगता येणार नाही.

शेवटच्या खोलीत लांब टेबलावर ग्लास मांडलेले होते. सगळ्यांनी उचलले, मीही उचलला. एक उरला. त्यात लिंबूपाणी होतं.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

बाईने खिशातून चिठ्ठी काढली. "काल तुम्हीच फोनवर सांगितलंत. चाळीस ग्लास, त्यातला एक लिंबूपाण्याचा. बहीण घेत नाही म्हणालात."

"कुणाची बहीण?"

तिने चिठ्ठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमची," ती म्हणाली.

६

पाहुणे दुकानात बाटल्या बघताहेत. मी बाहेर पायरीवर बसून वर लिहिलेलं सगळं आत्ता वाचलं.

अक्षर माझं आहे. शाई माझ्या पेनाची आहे. पानावर संत्र्याच्या सालाचा पिवळा डाग आहे. आणि त्यात पानोपानी एक ताई आहे, जी बोलते, हसते, माझी फजिती करते. मला ताई नाही.

म्हणजे, मला कुठलीही ताई आठवत नाही. ही दोन वाक्यं एकच आहेत की वेगवेगळी, हे ठरवत मी दहा मिनिटं इथे बसलोय.

कुणीतरी माझी थट्टा केली म्हणावं तर वही खिशाबाहेर गेलेली नाही. मीच भ्रमिष्ट झालो म्हणावं तर तो ग्लास होता. काल फोन केल्याचं मला आठवतं. चाळीस म्हणाल्याचंही आठवतं. त्यापुढे काय बोललो, तिथे नुसतं पुसल्यासारखं आहे. ड्रायव्हरला विचारलं, "सकाळी माझ्या शेजारी कोण बसलं होतं?" तो म्हणाला, "तुमची पिशवी."

मग मी दुसऱ्या बाजूने विचार करून बघितला. मला वाढवलं कुणी? आईवडील लवकर गेले, हे पक्कं. शाळेचा रस्ता आठवतो. दप्तराचा पट्टा खांद्याला काचायचा ते आठवतं. मी रस्त्यात बसकण मारायचो आणि एक हात मला धरून ओढायचा, तोही आठवतो. बोटं आठवतात. मनगट आठवतं. मनगटाच्या वर काही नाही. मी कितीही वर बघायचा प्रयत्न केला तरी तिथे नुसता उजेड आहे.

आणि मला भाची आहे! हे आत्ता सुचलं. काखेत कळसा म्हणतात ते हेच. भाची आहे, तिचा नंबर आहे, मी तिला लहानपणापासून खेळवलंय. बहिणीशिवाय भाची येईल कुठून?

फोन लावला.

"बोला मामा."

"आज स्टॉपवर येणार आहेस ना?"

"हो, साडेसातला. निघतेच आहे थोड्या वेळाने."

"कुणाला घ्यायला?"

"असं काय विचारता? तुम्ही आणणार..." ती थांबली. "मामा, मी कशाला येतेय स्टॉपवर?"

"तुझी आई कुठे आहे?"

ती चालत आत गेल्याचं ऐकू आलं. मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "खोलीत दोन पलंग आहेत. सकाळी मीच दोन्हींवर चादरी घातल्या. दुसऱ्या पलंगावर कोण झोपतं हो मामा?" आणि रडायला लागली. आपण का रडतोय तेही तिला कळत नव्हतं.

मला माझ्या बहिणीची आठवण येत नाही, पण ही पोरगी रडलेली मला सहन होत नाही. पावणेसहा झालेत. परत जायला वीस मिनिटं लागतात. सहाला पाणी पायऱ्यांना लागतं. गाडी वळवायला सांगतो.

७

वही आता माझ्याकडे नाही. हे यादीच्या पाठीमागे लिहितोय. अक्षर हलतंय, कारण गाडी चालू आहे.

जे झालं ते आधी क्रमाने लिहितो.

गाडीत बोंबाबोंब झाली. "कोण राहिलंय?" सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, "एक माणूस." "कोण माणूस?" "यादीत नसलेलं." मास्तर म्हणाले, "यादीत नाही म्हणजे आपलं नाही." ड्रायव्हरने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि गाडी वळवली. त्याचे उपकार मी विसरणार नाही. विसरणार नाही हे लिहितानाही हात थांबला.

पायऱ्या मी एकटा उतरलो. गुडघ्यांची तमा केली नाही. उजेड होता, पण राखाडी, सावल्या नसलेला. शेवटच्या तीन पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. सुळक्यांच्या मध्ये फेस फिरत होता. माणूस कुठेही नव्हतं.

मी हाक मारली, "ताई!"

शब्द तोंडात परका वाटला. दुसऱ्याच्या बहिणीला हाक मारल्यासारखं वाटलं.

"ओ," शेवटच्या सुळक्याकडून उत्तर आलं.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी खरंच हसलो. मी पुन्हा ओरडलो, "ताई, मी आलोय!"

"ओ," डावीकडच्या जवळच्या सुळक्याकडून उत्तर आलं.

मग मधल्या एकाकडून. मग त्याच्या मागच्याकडून. एक आवाज म्हातारा होता. एक इतका कोवळा, की ताई असली तर अगदी लहान भावाची असणार. एकीचा घसा बसलेला होता, बरीच वर्षं न बोललेल्यासारखा. किती होत्या मी मोजलं नाही. मी, ज्याचा जन्म मोजण्यात गेला, मी मोजलं नाही. एकीनेही "कोण?" म्हणून विचारलं नाही. प्रत्येकीला मीच हवा होतो.

सख्ख्या भावाला आवाज ओळखता यायला हवा. मी सगळे आवाज नीट ऐकले आणि मला एकही ओळखता आला नाही. पाणी पोटऱ्यांना लागलं. माझी पाचावर धारण बसली होती, तरी वर पळालो नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

मी म्हटलं, "पोरगी स्टॉपवर वाट बघतेय. चल."

सगळे आवाज एकदम थांबले. दोन सुळक्यांच्या मधून पाणी कापत कुणीतरी यायला लागलं. मी पाठ फिरवली. का फिरवली? बघितलं असतं आणि ती नाही असं वाटलं असतं, तर मी काय केलं असतं? मी हात मागे केला. त्यात एक हात आला. ओला, गार, घट्ट.

एकशे चाळीस पायऱ्या मी तो हात धरून चढलो आणि एकदाही मनगटाच्या वर बघितलं नाही. लहानपणी जो हात होता तोच का हा? तो माझ्या हातापेक्षा मोठा होता, हा लहान आहे. पण तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. यावरून काहीच सिद्ध होत नाही.

८

"आल्या का ताई!" गाडीत पाऊल टाकताच मागच्या बायका ओरडल्या. "अहो, आम्हाला काळजी लागली होती." कुणी टॉवेल दिला, कुणी गरम पाणी दिलं. ड्रायव्हर म्हणाला, "सकाळपासून एवढ्या हसतखेळत होत्या, आणि तुम्ही त्यांना विसरून निघालात साहेब?" मास्तरांनी मान हलवली, "सकाळीच सांगत होतो, सहा बरोबर आहेत."

मी मोजल्या. सहा.

सगळ्यांना ती आठवते. सगळ्यांना सकाळपासूनची आठवते. मघाशी भाचीचा फोन आला, आवाजात रडण्याचा मागमूस नव्हता. "आईला द्या ना." मी फोन शेजारी दिला. ती "हो" म्हणाली, "नाही" म्हणाली, "येतेच आहे" म्हणाली. पलीकडे पोरगी खूश होऊन काहीबाही सांगत होती.

तेव्हा बिघाड माझ्यातच असणार. वयाने होतं असं, डॉक्टरला दाखवीन. पस्तीस-चाळीस माणसं एका बाजूला आणि मी एका बाजूला, शहाण्याने अशा वेळी स्वतःवरच शंका घ्यावी. मी शेजारी बघितलं. एक बाई आहे, साठीच्या आसपासची, केस ओले, चेहरा चांगला आहे. मी कधी बघितलेला नाही.

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "ती वही दे ना."

"कशाला?"

"बघू दे. मी सकाळी काय काय बोलले ते."

मी दिली. नाही म्हणायला काही कारण सापडलं नाही.

आता ती वाचतेय. बोट ओळींखाली धरून, सावकाश, ओठ हलवत. एका पानावरून पुढे गेली की परत मागे येते. मागच्या बायकांशी काय बोलणं झालं ते तिने दोनदा वाचलं. मग खिडकीकडे तोंड करून त्यातलं एक वाक्य हळूच म्हणून बघितलं. जमलं नाही बहुतेक. पुन्हा म्हणून बघितलं, जरा चढ्या आवाजात. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा शेवटी थोडं हसली पण.

गाव जवळ आलंय, रस्त्यावरचे दिवे लागलेत. पुढच्या वळणानंतर स्टॉप. भाची उभी असेल. तिला तिची आई हवी आहे, आणि मी तिला शब्द दिलाय.

ती पुन्हा माझ्याकडे वळली. तेच वाक्य माझ्या तोंडावर म्हणाली, तेवढंच हसली, आणि विचारलं, "असंच ना?"

मला काय माहीत?

"हो," मी म्हणालो, "अगदी असंच."